मार्लवाईचे परदेशी पाहुणे

दोन भाषा जाणणारा मनुष्य दुभाषी होऊ शकतो. परंतु एखाद्या समाजाच्या कथागीतांचा अर्थ उलगडून सांगणारा दुभाषी मिळणे फार कठीण. तेथे शब्दांबरोबर देव, कुळ आणि विधी यांचाही अर्थ सांगावा लागतो. असे दुभाषी ज्यांना आदिलाबादच्या डोंगराळ मुलुखात लाभले, त्या विद्वानांचे नाव क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ.

त्यांचा जन्म १९०९ मध्ये ऑस्ट्रियातील व्हिएन्ना नगरीत झाला. तेथे मानववंशशास्त्राचे अध्ययन करून १९३६ मध्ये ते भारतात आले व नागा लोकांत राहिले. पुढे १९३९ मध्ये पत्नी एलिझाबेथ यांच्यासह ते पुन्हा येथे आले, तोच दुसरे महायुद्ध पेटले. जर्मन पारपत्रामुळे ते शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले आणि हैदराबाद संस्थानाच्या हद्दीबाहेर जाण्याची त्यांना बंदी झाली. दुसरा कोणी हताश झाला असता. त्यांनी त्या बंदिवासालाच अभ्यासशाळा बनविले. प्रथम चेंचू, नंतर कोंडा रेड्डी आणि मग आदिलाबादचे राजगोंड यांच्यात ते जाऊन राहिले.

त्या वेळी गोंडांचे दिवस बिकट होते. जंगल राखीव झाले होते आणि जमिनी परक्यांच्या हाती जात होत्या. याच अन्यायाविरुद्ध लढताना १९४० मध्ये जोडेघाट येथे कुमरम भीम धारातीर्थी पडले होते. अशा काळात हे दांपत्य मार्लवाई गावी कुडाच्या घरात राहू लागले.

गोंडांचे पुराण ग्रंथात नव्हते. ते परधानांच्या कंठात होते. परधान हे गोंड कुळांचे वंशपरंपरागत भाट. आदिलाबादच्या बहुतेक परधानांची घरची भाषा मराठी. परंतु किकरीचे सूर छेडून यजमानापुढे बसले की ते देवांची व कुळांची आख्याने गोंडीत गात. दोन भाषांच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या या गुणिजनांकडून हायमेनडॉर्फ यांनी पहांदी कुपार लिंगाल या संस्कृतिपुरुषाची कथा ऐकली. स्वतः गोंडी शिकून त्यांनी ती आख्याने टिपून घेतली व त्यांचा इंग्रजी अनुवाद केला. राजगोंडांवरील त्यांचा ग्रंथ १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला.

परंतु केवळ ग्रंथ लिहून ते थांबले नाहीत. १९४३ मध्ये मार्लवाई येथे गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र निघाले. गोंडी वाचनमाला देवनागरी लिपीत छापल्या गेल्या आणि गोंड मुलांना मातृभाषेतून पहिली अक्षरे मिळाली. १९४५ मध्ये निजाम सरकारचे सल्लागार झाल्यावर त्यांनी गोंडांना जमिनीचे पट्टे मिळवून देण्यासाठी परिश्रम केले. पुढे ते लंडन विद्यापीठात प्राध्यापक झाले, तरी मार्लवाईला विसरले नाहीत. उतारवयात परत येऊन पाहतात तो अनेक जमिनी पुन्हा गोंडांच्या हातून गेलेल्या! ते दुःखही त्यांनी १९७९ च्या ग्रंथात निर्भीडपणे नोंदविले.

एलिझाबेथ १९८७ मध्ये हैदराबाद येथे निवर्तल्या व मार्लवाईच्या मातीत विसावल्या. हायमेनडॉर्फ यांचे निधन १९९५ मध्ये लंडन येथे झाले. त्यांच्या अस्थीही पुढे तेथेच आणल्या गेल्या. आज कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात असलेल्या त्या गावी गोंड बांधव दरवर्षी या दोघांचे स्मरण करतात.

विद्यार्थिमित्रांनो, आपल्या शेजारचा एखादा वृद्ध परधान किकरी वाजवीत असेल, तर क्षणभर त्याच्यापाशी बसा. ज्या विद्येसाठी व्हिएन्नाचा एक पंडित इतक्या दूर आला, ती आपल्या दारीच आहे. ती मुकी होऊ न देणे हे आपले कर्तव्य होय.