टपालात अडकलेला जो हिल

आमच्या घरी पॉल रॉबसनची एक तबकडी होती. तिच्यातल्या एका गाण्यात मेलेला कामगार स्वप्नात येऊन भेटतो. जो हिल हे त्याचं नाव कवीने रचलेलं असावं, अशीच माझी कित्येक वर्षं समजूत होती. तो हाडामांसाचा माणूस होता, हे मला फार उशिरा कळलं.

स्वीडनमधल्या येव्हले या बंदरगावी १८७९ साली तो जन्मला. मूळ नाव योएल हेग्लुंड. रेल्वेत नोकरी करणारे वडील लवकर वारले आणि पोराच्या नशिबी दोरखंडाचा कारखाना आला. १९०२ मध्ये आईही गेली, तेव्हा भावाबरोबर त्याने अमेरिकेची बोट धरली. तिथे मिळेल ते काम करीत तो गावोगाव फिरला. १९१० च्या सुमारास ‘इंडस्ट्रियल वर्कर्स ऑफ द वर्ल्ड’ या संघटनेत शिरला.

१९०५ साली शिकागोत स्थापन झालेली ही युनियन वेगळीच होती. जुन्या युनियन बहुतेक कुशल कारागिरांच्या. हंगामी मजूर, लाकूडतोडे, कालच बोटीतून उतरलेले परदेशी यांना तिथे कोण विचारतो? इथे काळा-गोरा, बाई-पुरुष असा भेद नव्हता. फ्रान्समध्ये रुजलेल्या सिंडिकॅलिझमशी तिचं जवळचं नातं. क्रांती मतपेटीतून किंवा पक्षाच्या कचेरीतून येणार नाही. एके दिवशी सगळे कामगार हात थांबवतील, मालकशाही कोसळेल आणि कारखाने युनियनच चालवतील, असा तो विचार. मला तो भाबडा वाटतो. पोलीस, लष्कर आणि न्यायालयं त्या दिवशी गप्प बसतील असं मानणं कठीण आहे.

पण सगळ्यांनी एकदम हात थांबवायचे, तर एकमेकांची भाषाही न येणाऱ्या या माणसांना आधी एकत्र आणायला हवं. ते काम गाण्यांनी केलं. रस्त्यावर युनियनची सभा सुरू झाली की साल्व्हेशन आर्मीचा बँड ती बुडवायचा. मग कामगारांनी त्याच भजनांच्या चाली उचलल्या आणि शब्द आपले घातले. जो यात पटाईत. परलोकातल्या सुखाचं आमिष दाखवणाऱ्या प्रवचनकारांची त्याने १९११ मध्ये एका गाण्यात यथेच्छ टिंगल केली. ओळखीची चाल असली की शब्द आपोआप तोंडी बसतात. आपल्या शाहिरांना हे कुणी शिकवायला नको.

१० जानेवारी १९१४ च्या रात्री सॉल्ट लेक सिटीत एका किराणा दुकानदाराचा आणि त्याच्या मुलाचा खून झाला. त्याच रात्री जो छातीत गोळी लागलेल्या अवस्थेत डॉक्टरकडे गेला. एका बाईवरून भांडण झालं, एवढंच त्याने सांगितलं. तिचं नाव शेवटपर्यंत घेतलं नाही आणि कोर्टात साक्षही दिली नाही. अध्यक्ष विल्सन यांनी रदबदली केली, तरी गव्हर्नर बधले नाहीत. १९ नोव्हेंबर १९१५ ला बंदूकधारी शिपायांच्या तुकडीने त्याला गोळ्या घातल्या. पुढे २०११ साली विल्यम अ‍ॅडलर यांच्या चरित्रग्रंथात त्या बाईचं जुनं पत्र छापलं गेलं. त्यात गोळी जोच्याच मित्राने झाडल्याचं म्हटलं आहे. त्याचं मौन मला अजूनही छळतं. त्या मौनामुळे युनियनला हुतात्मा मिळाला, पण गाणी रचणारा गडी गेला.

युटाच्या मातीत आपला देह नको, अशी त्याची इच्छा होती. शिकागोत दहन झालं आणि राख लहान लहान पाकिटांतून ठिकठिकाणच्या शाखांना वाटली गेली. त्यातलं एक पाकीट १९१७ मध्ये टपाल खात्याने जप्त केलं. त्याच वर्षी सरकारने युनियनच्या कचेऱ्यांवर छापे घालून पुढाऱ्यांना पकडलं. हे पाकीट मात्र सरकारी अभिलेखागारात पडून राहिलं. ते १९८८ मध्ये युनियनच्या हाती परत आलं.