भंडाऱ्यात उभे राहिलेले 'डॉक्टर'

मे १९५४. भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक होती. राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. जागा काँग्रेसने जिंकली, बाबासाहेब हरले. ही सल आमच्या जिल्ह्याच्या मनात आजही आहे. पण त्यांच्या नावाआधीचे 'डॉ.' किती कष्टाने आले, हे आपल्यापैकी किती जण सांगू शकतील?

त्या निवडणुकीच्या वेळी बाबासाहेबांकडे चार डॉक्टरेट होत्या. दोन अभ्यास करून मिळवलेल्या, दोन सन्मानाने आलेल्या.

बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथली पीएच.डी. हाती पडायला १९२७ साल उजाडले. ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा प्रबंध १९२५ मध्ये छापला, त्याच्या प्रती विद्यापीठात जमा केल्या, तेव्हा कुठे पदवी मिळाली.

दुसरी डॉक्टरेट लंडनची, डी.एस्सी. शिष्यवृत्ती संपल्याने १९१७ मध्ये त्यांना शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज घेऊन १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध परीक्षकांनी दुरुस्तीसाठी परत केला. इंग्रजांच्या चलननीतीवर त्यात सडकून टीका होती. बाबासाहेबांनी मांडणी बदलली, निष्कर्ष मात्र बदलले नाहीत. १९२३ मध्ये प्रबंध मान्य झाला.

पुढच्या दोन पदव्या मानद. कोलंबियाने १९५२ मध्ये एलएल.डी. दिली, हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाने १९५३ मध्ये डी.लिट. या पदव्यांसाठी प्रबंध लिहावा लागत नाही. आधी केलेल्या कार्याचा तो गौरव असतो. संविधान लिहून झाल्यावर आलेला हा मान होता.

हा फरक आम्ही मुद्दाम सांगत आहोत. हल्ली पैसे भरून 'मानद डॉक्टरेट' वाटणाऱ्या संस्था निघाल्या आहेत आणि चळवळीतल्या काही फलकांवरही असे 'डॉ.' झळकू लागले आहेत. पदवी देण्याचा अधिकार फक्त विद्यापीठांना आणि कायद्याने तो दिलेल्या संस्थांनाच आहे. खरी मानद पदवीसुद्धा प्राध्यापकपदासाठी चालत नाही.

तुमसर, पवनी, साकोलीच्या विहारांत जमणाऱ्या तरुणांनो, प्रबंध परत आला तर खचू नका, तो बाबासाहेबांचाही परत आला होता. विकतचे 'डॉ.' मात्र नावापुढे लावू नका. बाबासाहेबांची जयंती साजरी करणाऱ्या हातांना ते शोभत नाही.

जय भीम!