डॉ. द्वारकानाथ कोटणीस

पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकास नरसिंहपूर हे क्षेत्र आहे. तेथे नीरा नदी भीमेस मिळते. संगमाच्या खाली नीरेचे पाणी कोणते आणि भीमेचे कोणते, हे कोणासही सांगता येत नाही. पुढे हा प्रवाह पंढरपुरावरून सोलापूर जिल्ह्यातून वाहत जातो. याच सोलापुरात एक असा पुरुष जन्मास आला, की ज्याचे जीवन एका दूरच्या देशाच्या जीवनाशी असेच एकरूप होऊन गेले. त्या पुरुषाचे नाव डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस.

द्वारकानाथांचा जन्म 10 ऑक्टोबर 1910 रोजी झाला. घर मध्यम स्थितीतील, भावंडे पुष्कळ. सोलापुरातील शिक्षण आटोपल्यावर ते मुंबईस गेले आणि तेथील सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाले. देशोदेशी हिंडावे, तेथील लोक पाहावे व आपल्या विद्येचा त्यांस उपयोग व्हावा, अशी त्यांना फार हौस होती. ही हौस पुरी होण्याचा योग लौकरच आला. पण तो सुखाच्या प्रवासाचा योग नव्हता.

सन 1937 मध्ये जपानने चीनवर मोठी स्वारी केली. शहरांवर बाँब पडू लागले. लक्षावधी माणसे घरदार सोडून रानोमाळ झाली. जखमी सैनिक व नागरिक उपचारावाचून मरू लागले, कारण त्या अफाट देशात डॉक्टरांची व औषधांची फार टंचाई होती. तेव्हा चीनचे सेनापती चू-ते यांनी पंडित जवाहरलाल नेहरूंकडे साहाय्याची याचना केली.

भारत त्या वेळी स्वतःच परतंत्र होता. त्याच्यापाशी सैन्य नव्हते, खजिना नव्हता, स्वतःचे सरकारही नव्हते. तरीसुद्धा चीनचे दुःख ते आपले दुःख, असे येथील लोकांना वाटले. सुभाषचंद्र बोस 1938 साली राष्ट्रसभेचे अध्यक्ष होते. त्यांनी देशबांधवांस मदतीचे आवाहन केले. सुमारे 22,000 रुपये जमले. त्या पैशांतून औषधे, शस्त्रक्रियेची उपकरणे व जखमींना वाहून नेणारी मोटार यांची सिद्धता करण्यात आली. पाच डॉक्टरांचे पथक पाठवावे, असे ठरले. अलाहाबादचे डॉ. अटल हे पथकाचे प्रमुख होते. नागपूरचे वयोवृद्ध डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी हे तिघे त्यांच्याबरोबर निघाले. पाचवे होते सत्तावीस वर्षांचे द्वारकानाथ कोटणीस.

चीनविषयी कोटणीसांच्या घरी फारशी माहिती नव्हती. रेशमी कापड विकावयास येणारे चिनी फेरीवाले तेवढे ठाऊक होते. आता घरचा कर्ता मुलगा त्या देशात, तेही युद्धभूमीवर निघाला होता. तरीही घरच्यांनी निरोप दिला. 1 सप्टेंबर 1938 रोजी पथकाने मुंबईचा किनारा सोडला. त्याच महिन्यात ते दक्षिण चीनमधील कँटन या बंदरी पोहोचले व तेथून पुढे गेले. वाटेत जळलेली गावे आणि ओस पडलेली शेते त्यांनी पाहिली. ते चुंगकिंगला असताना या पाहुण्यांना चिनी नावे देण्यात आली. प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी ‘हुआ’ हे अक्षर जोडले होते. हुआ म्हणजे चीन. कोटणीसांचे नाव झाले ‘के ति-हुआ’.

येथेच त्यांच्या मनाची कसोटी पाहणारा प्रसंग आला. सोलापुरास वडील वारल्याची वार्ता त्यांच्या हाती पडली. घरी आई व धाकटी भावंडे होती. त्यांनी परत जावे, असे सोबत्यांना वाटले; आणि ते परत गेले असते, तर कोणीही त्यांस दोष दिला नसता. पुत्राचे कर्तव्य एका बाजूस आणि स्वीकारलेले कार्य दुसऱ्या बाजूस. कोटणीसांनी दुःख मनात ठेवले आणि ते पथकाबरोबर पुढे निघाले.

फेब्रुवारी 1939 मध्ये पथक येनानला पोहोचले. हा प्रदेश पिवळ्या मातीच्या डोंगरांचा. लोक डोंगर कोरून केलेल्या गुहांत राहत. रुग्णालयही गुहांतच. पथकाची मुदत एका वर्षाची होती. प्रकृती बिघडल्यामुळे व इतर कारणांनी एकेक सोबती स्वदेशी परतले. मागे राहिले बसू व कोटणीस. पुढे बसू येनानला राहिले आणि कोटणीस उत्तरेकडील डोंगराळ रणक्षेत्रात एकटेच गेले. दिवसा लपून राहावे, रात्री शत्रूच्या ठाण्यांमधून वाट काढावी, कधी पायी तर कधी घोड्यावर मजल मारावी, असा तो प्रवास होता.

रणक्षेत्रातील रुग्णालयास पक्की इमारत नव्हती. शेतकरी आपल्या घरातील खोल्या देत, तोच दवाखाना. शत्रू जवळ आला, की रुग्णांसह सारा दवाखाना दुसऱ्या गावी हलवावा लागे. औषधे अपुरी, अन्न जाडेभरडे, थंडी हाडे गोठविणारी. 1940 सालच्या मोठ्या लढाईत कोटणीसांनी आठशेहून अधिक जखमींवर उपचार केले. एकदा तर लागोपाठ तीन दिवस व तीन रात्री झोप न घेता ते शस्त्रक्रिया करीत होते, असे सांगतात.

या प्रदेशात त्यांच्या आधी नॉर्मन बेथ्यून नावाचे कॅनडाचे थोर शल्यवैद्य काम करून गेले होते. शस्त्रक्रिया करताना बोटास जखम होऊन त्यांचे रक्त दूषित झाले आणि नोव्हेंबर 1939 मध्ये त्यांस मृत्यू आला. त्यांचे नाव दिलेल्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुखपद जानेवारी 1941 मध्ये कोटणीसांकडे आले. कॅनडाच्या माणसाने आरंभिलेले काम सोलापूरच्या माणसाने चीनच्या खेड्यात पुढे चालविले!

केवळ रोग्यांवर उपचार करून ते थांबले नाहीत. आपण आज आहोत, उद्या नसू. मग या लोकांचे काय, हा विचार त्यांनी केला. तेथील तरुणांनाच वैद्यकविद्या शिकवावयास हवी होती. पण शिकवावयाचे कोणत्या भाषेत? कोटणीस चिनी भाषा मुळाक्षरांपासून शिकले. चिनी लिपीत अक्षरे हजारो. दिवसभर काम करून रात्री ते अभ्यास करीत. थोड्याच काळात ते चिनी भाषेत व्याख्याने देऊ लागले, आणि विद्यार्थ्यांसाठी शस्त्रक्रियेवरील पाठ्यपुस्तकही त्यांनी लिहावयास घेतले. शेतकऱ्यांच्या घरी बसून ते त्यांच्याशी त्यांच्याच बोलीत बोलत. ती माणसे त्यांस परकी मानीनात.

तेथील परिचर्या शिकविणाऱ्या क्वो छिंग-लान यांच्याशी 1941 मध्ये त्यांचा विवाह झाला. ऑगस्ट 1942 मध्ये त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव ‘यिन-हुआ’ ठेवले. यिन म्हणजे भारत व हुआ म्हणजे चीन. दोन देशांची नावे एका बालकाच्या नावात एकत्र आली.

परंतु अतिश्रमाने कोटणीसांची प्रकृती ढासळली होती. त्यांना अपस्माराचे झटके येऊ लागले. विश्रांतीसाठी दुसरीकडे जावे, असे वरिष्ठांनी सुचविले. पण रुग्ण व विद्यार्थी सोडून जाणे त्यांच्या मनास पटेना. 9 डिसेंबर 1942 रोजी त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे बत्तीस वर्षांचे होते, आणि यिन-हुआ साडेतीन महिन्यांचा होता. हाती घेतलेले लेखन पुरे व्हावयाचे राहिले.

त्यांची स्मृती मात्र राहिली. 1946 साली व्ही. शांताराम यांनी त्यांच्या जीवनावर चित्रपट काढला. चीनमधील शिच्याच्वांग या शहरी बेथ्यून यांच्याप्रमाणेच कोटणीसांचीही समाधी आहे. सोलापुरातही त्यांचे स्मारक आहे. 1962 साली भारत व चीन यांच्यात युद्ध झाले, मने दुरावली. तरी कोटणीसांविषयीचा आदर चीनमध्ये मावळला नाही. चीनचे नेते भारतात आले, की कोटणीसांच्या आप्तांची आवर्जून भेट घेत. त्यांचे सोबती डॉ. बसू पुढे पुन्हा चीनला गेले व सुया टोचून रोग बरा करण्याची तेथील विद्या शिकून आले. कोटणीसांच्या नावाने स्थापन झालेल्या समितीने बंगालमध्ये त्या विद्येचा प्रसार केला. एका देशाने दिलेल्या साहाय्याची अशी फेड झाली.

मुलांनो, राष्ट्रांचे करार होतात व मोडतात. कोटणीसांपाशी कराराचा कागद नव्हता. एका गरीब देशाने वर्गणी करून त्यांस पाठविले, आणि त्यांनी दुसऱ्या गरीब देशाची भाषा शिकून त्याच्या मुलांना आपली विद्या दिली. परक्याचे दुःख जाणण्यास आधी श्रीमंत व्हावे लागत नाही, हे त्यांच्या चरित्रावरून आपणांस कळते.