ना इंग्रजी येत होतं, ना लॅटिन. तरी गांधीजींनी दिलेले सगळे शब्द क्रमाने सांगणारे रायचंदभाई कोण होते?

जुलै १८९१. लंडनहून बॅरिस्टर होऊन आलेले २१ वर्षांचे मोहनदास गांधी मुंबई बंदरात उतरले. मुक्काम डॉ. प्राणजीवन मेहता यांच्याकडे होता. तिथे त्यांची ओळख २३ वर्षांच्या एका जवाहिऱ्याशी झाली. नाव रायचंदभाई. हे शतावधानी आहेत, म्हणजे शंभर गोष्टींचं भान एकत्र ठेवतात, असं गांधीजींना सांगण्यात आलं.

गांधीजींनी लगेच परीक्षा घ्यायचं ठरवलं. येत होत्या तेवढ्या युरोपीय भाषांमधले शब्द त्यांनी कागदावर लिहून काढले आणि वाचून दाखवले. लिहिले अशासाठी, की क्रम त्यांच्या स्वतःच्याही लक्षात राहिला नसता. रायचंदभाईंना यातली एकही भाषा येत नव्हती. तरीही त्यांनी सगळे शब्द सावकाश, दिलेल्या क्रमाने परत सांगितले. विलायतेहून आलेल्या तरुणाचा परदेशी शिक्षणाचा तोरा त्या दिवशी थोडा उतरला.

आज मानसशास्त्रात शब्दस्मरणाची चाचणी साधारण अशीच घेतात. शब्दांची यादी वाचायची आणि आठवतील तेवढे शब्द विचारायचे. मग रायचंदभाईंना हे कसं जमलं? आणि इतकी दुर्मीळ कला त्यांनी विशीतच का सोडून दिली?

वावाणियाचा मुलगा

रायचंदभाईंचा जन्म ९ नोव्हेंबर १८६७ चा, सौराष्ट्रात मोरबीजवळच्या वावाणिया गावातला. वडील रवजीभाई कृष्णभक्त, तर आई देवबाई जैन घरातल्या. मुलगा एकपाठी होता. शाळेचा सात वर्षांचा अभ्यास त्याने दोन वर्षांत संपवला, असं त्यांच्या चरित्रांमध्ये सांगितलं जातं.

सोळाव्या वर्षाच्या आसपास त्यांनी मोरबीत अवधानाचा प्रयोग पाहिला आणि स्वतः करायला सुरुवात केली. आधी मोजकी अवधानं, मग बारा, मग बोटादला बावन्न.

२२ जानेवारी १८८७ रोजी मुंबईत धोबीतलावच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी शंभर अवधानं करून दाखवली. अध्यक्षस्थानी संस्कृतचे अभ्यासक डॉ. पीटर पीटरसन होते. रायचंदभाईंना सुवर्णपदक मिळालं. तेव्हा त्यांचं वय होतं फक्त १९.

अवधान म्हणजे नेमकं काय?

अवधानात एकीकडे पत्त्यांचा किंवा बुद्धिबळाचा डाव चालू असतो. मध्येच घंटेचे ठोके पडतात, ते मोजायचे. कुणी गणित घालतो, कुणी कवितेचा विषय देतो, कुणी अनोळखी भाषेतल्या वाक्याचे शब्द क्रम मोडून सांगतो. शेवटी सगळ्याची उत्तरं द्यायची.

पण शंभर गोष्टी एकाच क्षणी डोक्यात येत नाहीत. त्या तुकड्या-तुकड्यांनी, आलटून पालटून येतात. प्रत्येक तुकडा आपापल्या जागी ठेवायचा आणि पुन्हा तिकडे वळल्यावर बरोबर तिथूनच पुढे जायचं, हे खरं कौशल्य.

आपल्याला का जमत नाही?

एक छोटा प्रयोग करा. वर्सोव्याहून घाटकोपरला जाणाऱ्या मेट्रोची १२ स्थानकं, नेहमी प्रवास न करणाऱ्या कुणाला तरी एकदाच वाचून दाखवा. वर्सोवा आणि डी. एन. नगर बहुतेक आठवेल. जागृती नगर आणि घाटकोपरही आठवेल. चकाला, मरोळ नाका, साकी नाका यांची मात्र गल्लत होण्याची शक्यता जास्त. यादीची सुरुवात आणि शेवट चांगला लक्षात राहतो, मधला भाग निसटतो. सुरुवातीचे शब्द मनात घोळवायला वेळ मिळतो, शेवटचे अजून ताजे असतात. मधल्यांना दोन्ही मिळत नाही.

शिवाय आपल्या तात्पुरत्या स्मृतीची जागा छोटी असते. १९५६ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी ती साधारण सात गोष्टींची असल्याचं मांडलं. पुढच्या संशोधकांनी हा आकडा चारच्या आसपास आणला.

योगायोग असा, की रायचंदभाई अवधानं करत होते त्याच काळात, १८८५ मध्ये, जर्मनीत हर्मन एबिंगहाउस यांचं स्मृतीवरचं पुस्तक आलं. अर्थ नसलेली अक्षरं पाठ करून त्यांनी स्वतःवरच प्रयोग केले होते. अशा पाठांतरातलं निम्म्याहून जास्त तासाभरात विरून जातं, असं त्यांना दिसलं. गांधीजींचे परदेशी शब्द रायचंदभाईंसाठी असेच अर्थहीन होते. म्हणून ती परीक्षा जास्त कठीण.

देणगी की सराव?

२००३ मध्ये लंडनच्या संशोधकांनी स्मरणस्पर्धांमधल्या अव्वल खेळाडूंचे मेंदू तपासले. मेंदूची रचना वेगळी नव्हती. बहुतेक जण प्रत्येक शब्द ओळखीच्या वाटेवरच्या एकेका ठिकाणी मनातल्या मनात ठेवत होते. २०१७ मध्ये युरोपातल्या एका अभ्यासात साध्या लोकांना हीच युक्ती रोज अर्धा तास, ४० दिवस शिकवली. ७२ शब्दांपैकी आधी तिसऱ्या हिश्श्याच्या थोडे वर शब्द आठवायचे, ते प्रमाण दुपटीहून वाढलं.

रायचंदभाईंचा प्रवासही पायरीपायरीने झाला होता. बारा, बावन्न, शंभर. देणगी असेलच, पण तिला सरावाची जोड होती.

आणि मग त्यांनी ते सोडलं

मुंबईतल्या कार्यक्रमानंतर नाव झालं. तेव्हाचे मुख्य न्यायमूर्ती सर चार्ल्स सार्जंट यांनी त्यांना युरोपात येऊन प्रयोग करायला सुचवल्याचं चरित्रकार नोंदवतात. रायचंदभाईंनी नकार दिला आणि विसाव्या वर्षाच्या सुमारास जाहीर अवधानं बंद केली. टाळ्या आणि कीर्ती आत्मसाधनेच्या आड येतात, असं त्यांना वाटत होतं. पुढे ते मुंबईत रेवाशंकर जगजीवन यांच्या पेढीत भागीदार म्हणून हिरे-मोत्यांचा व्यापार करू लागले. हातातला व्यवहार संपला की धर्मग्रंथ किंवा रोजनिशी उघडायची, हा त्यांचा क्रम.

गांधीजींना त्यांच्या स्मरणशक्तीचा हेवा वाटला, पण भुरळ पडली ती या दुसऱ्या गोष्टीची. लाखोंचे सौदे करणारा माणूस मनाने त्यात अडकलेला नाही, हे त्यांनी जवळून पाहिलं. १८९४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत धर्माबद्दल मनात गोंधळ उडाला, तेव्हा गांधीजींनी रायचंदभाईंना २७ प्रश्न लिहून पाठवले. आलेल्या उत्तरांनी त्यांना आधार दिला. टॉलस्टॉय आणि रस्किन यांच्या जोडीने आपल्यावर खोल ठसा उमटवणारे म्हणून गांधीजींनी रायचंदभाईंचंच नाव घेतलं.

१८९६ मध्ये नडियादला रायचंदभाईंनी १४२ कडव्यांचं 'आत्मसिद्धी' लिहिलं. पुढे तब्येत ढासळत गेली आणि ९ एप्रिल १९०१ रोजी राजकोटला वयाच्या ३३ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. जैन समाज त्यांना श्रीमद राजचंद्र म्हणून ओळखतो.

त्या दिवशी कागदावर कोणते शब्द होते, हे गांधीजींनी आत्मकथेत सांगितलेलं नाही. सांगितलं आहे ते शब्द परत करणाऱ्या माणसाबद्दल.