संगीतप्रसारक विष्णु दिगंबर

पुण्याहून निघालेली आगगाडी लोणंद, सातारा, कराड ही गावे मागे टाकीत मिरजेस पोहोचते. या मिरजेत घडविलेले तंबोरे व सतारी भारतभर जातात. येथेच एका अधू दृष्टीच्या मुलाने स्वरांची उपासना केली आणि पुढे संगीतविद्येचे दार सामान्य जनांसाठी मोकळे केले. तो मुलगा म्हणजे विष्णु दिगंबर पलुसकर.

विष्णूचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. वडील दिगंबरपंत कीर्तनकार असल्यामुळे अभंग, पदे व मृदंगाचा नाद बालपणापासूनच त्याच्या कानांवर पडत असे. पण एका उत्सवात शोभेच्या दारूचा भडका उडून त्याच्या डोळ्यांना इजा झाली. औषधोपचारासाठी त्याला मिरजेस आणले, तरी दृष्टी पूर्ववत झाली नाही. शालेय शिक्षणाची वाट खुंटली. कान व कंठ मात्र शाबूत होते. मिरजेच्या संस्थानिकांच्या आश्रयाने तो बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याजवळ गाणे शिकू लागला. ग्वाल्हेरची गायकी मोठ्या कष्टाने मिळवून बुवांनी ती महाराष्ट्रात आणली होती.

त्या काळी गाणे शिकणे म्हणजे खडतर तपश्चर्याच असे. शिष्याने गुरुगृही राहावे, पडेल ते काम करावे आणि गुरूंच्या मर्जीने मिळेल तेवढी विद्या ग्रहण करावी, अशी रीत होती. क्रमवार पुस्तके नव्हती व ठरलेला अभ्यासक्रम नव्हता. एखादा गवई शिष्याला न शिकविताच निवर्तला, तर त्याच्याजवळच्या दुर्मिळ चिजाही त्याच्याबरोबर नाहीशा होत. शिवाय, लोक गाणे आवडीने ऐकत, पण गवयाला मान देत नसत. असे सांगतात, की मिरजेत एका समारंभाचे निमंत्रण विष्णूला आले. त्याच्या गुरूंना मात्र केवळ गवई म्हणून वगळण्यात आले. ज्यांच्या चरणांशी बसून आपण विद्या घेतली, त्यांचीच ही उपेक्षा व्हावी, हे शल्य त्याच्या मनात खोल रुतले.

इ. स. १८९६ मध्ये विष्णु दिगंबरांनी राजाश्रयाचे सुख सोडले व मिरजेचा निरोप घेतला. सातारा, बडोदे, सौराष्ट्र असा प्रवास करीत ते उत्तरेकडे गेले. केवळ राजवाड्यात न गाता त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या. त्यामुळे सामान्य माणसालाही उत्तम गायन ऐकावयास मिळू लागले.

५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. लाहोर तेव्हा पंजाबची राजधानी होती. आज ते पाकिस्तानात आहे. बडोद्यास संगीतशाळा यापूर्वीच निघाली होती, परंतु तिला संस्थानचा आधार होता. हे विद्यालय मात्र लोकांच्या मदतीवर चालावयाचे होते. आरंभीचे काही दिवस एकही विद्यार्थी फिरकला नाही. तरीही विष्णु दिगंबर नेमाने विद्यालयात येत व तंबोरा जुळवून रियाज करीत बसत. हळूहळू विद्यार्थी येऊ लागले, आणि पुढे घरंदाज कुटुंबांतील मुलीही निःसंकोचपणे संगीत शिकू लागल्या.

विद्यालयात इयत्ता होत्या, नेमलेली पुस्तके होती व परीक्षाही होत्या. गाणे कागदावर उतरविण्यासाठी विष्णु दिगंबरांनी स्वरलिपी तयार केली. कोणता स्वर, कोणत्या सप्तकातील व किती मात्रांचा, हे तिच्यातील चिन्हांवरून कळते. गुरुमुखातून मिळणारी विद्या अशा प्रकारे ग्रंथातही सुरक्षित झाली. केवळ गवई निर्माण करून भागणार नाही, गाणे शिकविणारे शिक्षकही हवेत, हे ओळखून त्यांनी उपदेशक वर्ग काढला. त्यातील होतकरू मुलांच्या जेवणाखाण्याची व निवासाची सोयही तेच करीत.

इ. स. १९०८ मध्ये मुंबईस विद्यालयाची शाखा निघाली. तिच्यासाठी त्यांनी कर्ज काढून भव्य इमारत बांधली. मैफलींतून मिळालेला पैसा ते विद्यालयासाठीच खर्च करीत. परंतु कर्ज काही फिटले नाही व अखेर इमारतीचा लिलाव झाला. उभ्या आयुष्याची कमाई हातची गेली. तरी त्यांनी घडविलेल्या शिष्यांचा लिलाव कोण करू शकणार होते?

२१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस त्यांचे देहावसान झाले. त्याच वर्षी शिष्यांनी एकत्र येऊन अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. विनायकबुवा पटवर्धनांनी १९३२ मध्ये पुण्यास गांधर्व महाविद्यालय सुरू केले. काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात १९५० मध्ये संगीताचे महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा त्याची धुरा ओंकारनाथ ठाकुरांकडे आली. हे दोघेही विष्णु दिगंबरांचेच शिष्य. गुरूला मान नाही म्हणून ज्याने मिरज सोडली, त्याचा शिष्य विश्वविद्यालयात संगीताचा आचार्य झाला. विष्णु दिगंबरांची गुरुदक्षिणा अशा रीतीने पुरी झाली.