एका सदऱ्याचा विद्यार्थी : गोपाळ गणेश आगरकर

वाशीमकडील खेड्यांत जून महिना उजाडला म्हणजे पुष्कळ घरी एकच विचार चाललेला असतो : मुलास पुढे शिकवावे, की कामास लावावे? अशा वेळी ज्या एका निर्धन मुलाची आठवण होते, त्याच्या शिक्षणाचा महत्त्वाचा भाग आपल्या शेजारी अकोल्यासच घडला. (आपला वाशीमचा मुलूख १९०५ पासून १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यातच मोडत असे, तेव्हा त्यास शेजारी तरी का म्हणावे!)

गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी कऱ्हाडजवळील टेंभू या गावी झाला. घरी दारिद्र्य होते. शिक्षण कऱ्हाडास सुरू झाले, पण मध्यंतरी कचेरीत उमेदवारी करावी लागली. शिकण्याच्या ओढीने ते रत्नागिरीस पायी गेले, असे सांगतात. पण तेथे निभाव न लागल्यामुळे त्यांस परतावे लागले. पुढे नातलगांच्या आश्रयाने ते अकोल्यास आले. तेथे विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारख्या विद्वान शिक्षकाचा त्यांस आधार मिळाला, आणि १८७५ साली ते मॅट्रिक झाले. त्या काळी वऱ्हाडात एकही कॉलेज नव्हते. पुढे शिकावयाचे तर पुणे गाठणे भाग होते.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील त्यांचा विद्यार्थीदशेचा काळ फार कष्टाचा गेला. त्यांजजवळ अंगात घालावयास एकच सदरा असे. तो रात्री धुवून वाळत घालावा आणि सकाळी तोच अंगावर चढवून वर्गात जावे, असा त्यांचा क्रम होता. पावसाळ्यात तो सदरा रात्रीत कसा वाळत असेल, हे ज्याने वसतिगृहात दिवस काढले आहेत त्यासच समजेल. पैशांसाठी ते 'वऱ्हाड समाचार' पत्रात लेख लिहीत व वक्तृत्वाची बक्षिसे मिळवीत. परीक्षेची फी भरण्यास काही नव्हते, म्हणून त्यांनी रात्री जागून एक नाटक लिहावयास घेतले. ही गोष्ट गणिताचे प्राध्यापक केरो लक्ष्मण छत्रे यांच्या कानी गेली, तेव्हा त्यांनी ती फी स्वतः दिली, असे सांगतात. शरीर दम्याने पोखरलेले असे. तरी १८७८ साली ते बी. ए. झाले.

याच कॉलेजात त्यांची बाळ गंगाधर टिळक यांच्याशी मैत्री जडली. देशाची दैना शिक्षणावाचून हटणार नाही, या विषयावर दोघांची तासन्तास चर्चा चाले. १८८० साली आगरकर एम. ए. झाले. आता मोठ्या पगाराची सरकारी नोकरी चालून येणार, अशी घरच्यांची आशा असणे स्वाभाविक होते. परंतु आपण पोटापुरत्या मिळकतीवर संतुष्ट राहून लोकहितासाठी झटणार, असे त्यांनी आईस पत्राने आधीच कळविले होते. ज्या माउलीने एवढी वर्षे वाट पाहिली, तिला ते पत्र वाचून काय वाटले असेल!

विष्णुशास्त्री चिपळूणकर व टिळक यांनी १८८० साली काढलेल्या न्यू इंग्लिश स्कूलात ते लवकरच दाखल झाले. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी व २ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन कॉलेज स्थापन झाले. हे कॉलेज सरकारचे नव्हते. त्याचे आजीव सभासद अल्प वेतनावर वीस वर्षे सेवा करण्यास बांधलेले असत, आणि त्यांतील एक स्वतः आगरकर होते.

१८८२ साली कोल्हापूर प्रकरणात त्यांनी व टिळकांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. पुढे सामाजिक सुधारणेवरून दोघे दुरावले. आगरकरांनी १८८८ साली 'सुधारक' पत्र काढले, आणि टिळकांनी १८९० साली सोसायटी सोडली. बालविवाह व केशवपन यांविरुद्ध लिहिल्याबद्दल विरोधकांनी आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. ईश्वराविषयी त्यांची मते आमच्याहून सर्वस्वी भिन्न होती, हे लपविण्याचे कारण नाही. मात्र पटले तेच बोलावे व त्याची किंमत स्वतः द्यावी, ही त्यांची रीत आम्हांस पूज्य वाटते.

१८९२ साली वामन शिवराम आपटे वारल्यावर आगरकर फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. एका सदऱ्यावर शिकलेला मुलगा आता कॉलेजाचा मुख्य होता. राहणी मात्र पूर्वीचीच साधी होती. दमा बळावत गेला, आणि १७ जून १८९५ रोजी वयाची ३९ वर्षे पुरी होण्यापूर्वीच त्यांनी देह ठेवला. त्यांच्या उशाखाली एका पुडीत थोडे रुपये बांधून ठेवलेले सापडले. आपल्या अंत्यविधीचा भार कोणावर पडू नये, म्हणून ते त्यांनी स्वतःच काढून ठेविले होते.