क्रॅगसाइडचा धनी

घर पाहावे बांधून, अशी आपल्याकडे म्हण आहे. विल्यम आर्मस्ट्राँगने ते पाहिले पन्नाशी उलटल्यावर, १८६३ साली, आणि पुढली वीस-एकवीस वर्षे ते बांधकाम संपलेच नाही. इंग्लंडच्या उत्तरेस, नॉर्थंबरलंडमधील रॉथबरी गावाजवळच्या या हवेलीचे नाव क्रॅगसाइड.

आर्मस्ट्राँग १८१० साली न्यूकॅसलला जन्मला. वडिलांच्या इच्छेखातर वकील झाला, पण त्याचा जीव होता पाण्यात. रॉथबरीच्या ओढ्यांत लहानपणी लागलेला मासेमारीचा नाद कधी सुटला नाही. असाच एकदा गळ टाकून बसला असता एक पाणचक्की त्याच्या नजरेस पडली, आणि पडत्या पाण्याचे किती बळ फुकट जाते हे ध्यानात आले. त्यातून पाण्याच्या दाबावर चालणारी यारी जन्मली, १८४७ मध्ये टाइनकाठी एल्सविकचा कारखाना निघाला आणि वकिली सुटली. क्रिमियाच्या युद्धकाळात त्याने हलकी, मागून भरायची तोफ बनविली. तिने १८५९ मध्ये ‘सर’ ही पदवी दिली. पैसा तर अमाप.

पहिले घर सुट्टीपुरते, लहानसेच होते. १८६९ पासून नॉर्मन शॉ या वास्तुशिल्पज्ञाने त्याला मनोरे, उतरती छपरे, उंच धुराडी जोडीत नेली. छायाचित्रांत मला ही वास्तू कड्यावर वाढलेल्या झाडासारखी वाटते. फांदी कुठे फुटेल याचा नेम नाही. खरी नवलाई आत आहे. ओढे अडवून केलेल्या तळ्यांच्या पाण्यावर लिफ्ट चाले, स्वयंपाकघरात मांस भाजण्याची सळईसुद्धा फिरे. १८७८ मध्ये त्याच पाण्याने वीज दिली, १८८० मध्ये मित्र जोसेफ स्वानचे दिवे लागले. ग्रंथालयातील दिव्यांना बटण नव्हते. दिव्याचे मीनाकारी पात्र पाऱ्यातून उचलले की दिवा मालवे!

हे सारे वाचताना मन हरखते, पण माझ्याने तोफा विसरवत नाहीत. १८७१ मध्ये नऊ तासांच्या दिवसासाठी एल्सविकचे कामगार महिनोन् महिने संपावर होते; अखेर मालकांना नमावे लागले. १८९४ मध्ये यालूच्या मुखाशी चीन आणि जपान भिडले, तेव्हा बुडालेली चिनी ‘चिह-युएन’ आणि तिच्याविरुद्ध लढलेली जपानी ‘योशिनो’ या दोन्ही युद्धनौका एल्सविकच्याच. हवेलीतील संगमरवर याच हिशेबातून आला.

आर्मस्ट्राँग १९०० मध्ये वारला. मूलबाळ नव्हते. वारसा बहिणीचा नातू वॉटसन-आर्मस्ट्राँग याच्याकडे गेला. त्याचे व्यवहार फसले आणि १९१० मध्ये उत्तमोत्तम चित्रे विकावी लागली. १९७७ मध्ये हवेली नॅशनल ट्रस्टकडे आली, १९७९ मध्ये लोकांना खुली झाली. २०१४ मध्ये तिथल्या तळ्याशी आर्किमिडीजचा मोठा स्क्रू बसविला गेला आणि पाणी पुन्हा वीज देऊ लागले.